पुस्तकं वाचून देणाऱ्यांसाठी रेकॉर्डर ॲप: मी काय पारखलं, काय ठेवलं

सोलापुरात पूर्व भागात माझं घर आहे आणि अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं हे माझं काम आहे. मुलं बी.ए.ची. विषय इतिहास, राज्यशास्त्र, मराठी. अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, सुगम्य पुस्तकालय, २०१६ पासून सुरू आहे, तिथे बरंच काही मिळतं. पण यंदा लागलेलं क्रमिक पुस्तक किंवा सरांनी दिलेल्या नोट्सची झेरॉक्स तिथे कुठून येणार? ती कुणीतरी बसून वाचावीच लागते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं अशा कामाला मोकळीक दिली आहे, त्यामुळे ज्यांना वाचायचंय त्यांनी मनात शंका ठेवू नये.

फोन पुरेसा आहे, वेगळं यंत्र लागत नाही. प्रश्न ॲपचा. नव्या पेठेत मोबाइलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, कुठलंबी टाका, सगळी सारखीच." सारखी नाहीत. आपल्या कामापुरतं तरी अजिबात नाहीत.

लोक आधी आवाजाची क्वालिटी बघतात. मी आधी बघते ते रेकॉर्डिंग मध्येच तुटलं तर काय उरतं. तासभर घसा कोरडा करून एक प्रकरण वाचलं आणि फाइल उघडलीच नाही, तर तो तास परत येत नाही, आणि दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यासारखं मन लागत नाही. म्हणून नवीन ॲप टाकलं की त्याच्यावर काही वाचायच्या आधी मी त्याला त्रास देते. रेकॉर्डिंग चालू करून स्क्रीन बंद करायची. मग दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच कॉल लावायचा, उचलायचा, ठेवायचा. मग अलीकडची ॲप दिसतात त्या पानावरून हे ॲप वर सरकवून उडवायचं. शेवटी फाइल शोधायची आणि पूर्ण ऐकायची. दहा मिनिटांत ॲपची लायकी कळते.

यामागचं कारण समजून घेतलं तर निवड सोपी जाते. अँड्रॉइड ९ पासून स्क्रीनवर समोर नसलेल्या ॲपला माइक वापरता येत नाही; सतत सूचना दाखवणाऱ्या ॲपला मात्र येतो. म्हणून रेकॉर्डिंग चालू असल्याची सूचना वरच्या पट्टीत सतत दिसत असेल तरच ते ॲप नीट बांधलेलं आहे असं समजावं. त्यावर पुन्हा काही फोन बॅटरी वाचवायला अशी ॲप स्वतःहून बंद करतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपवरची बॅटरीची बंधनं काढावी लागतात. आणि कॉल उचलला की अँड्रॉइड माइक कॉलला देतं, रेकॉर्डरच्या वाट्याला शांतता येते. यावर ॲपपेक्षा फ्लाइट मोड हाच खरा इलाज. मी वाचायला बसते तेव्हा फोन फ्लाइट मोडवर असतो, घरच्यांना ते माहीत आहे.

दुसरी गोष्ट फाइलच्या प्रकाराची. बहुतेक ॲप एमफोरए प्रकारात रेकॉर्ड करतात. छोटी फाइल, आवाज चांगला. पण या प्रकारात फाइलची अनुक्रमणिका म्हणावी असा भाग साधारणपणे सगळ्यात शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिला जातो. बॅटरी संपली, ॲप कोसळलं, की अनुक्रमणिका लिहिली जात नाही आणि आत आवाज असूनही फाइल उघडत नाही. वेव्ह प्रकारात आवाज जसा येतो तसा ओळीनं साठत जातो. मध्येच तुटलं तरी तोपर्यंतचं वाचन फाइलमध्ये असतं, आणि ती सरळ वाजली नाही तर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कच्ची फाइल म्हणून घेऊन ते परत काढता येतं. किंमत जागेची. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो (म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज) अशा वेव्हला मिनिटाला पाच एमबीच्या वर लागतात, तासाला ३१७ एमबीच्या आसपास. तोच तास १२८ केबीपीएसच्या एमफोरएमध्ये ५८ एमबीत बसतो. जागा परवडते, गेलेलं वाचन परवडत नाही. मी वेव्हच घेते.

म्हणून माझ्या फोनवर ईझी व्हॉइस रेकॉर्डर आहे. फुकटच्या आवृत्तीतही वेव्ह मिळतं, जाहिराती दिसतात तेवढ्या सोसायच्या. पैसे भरलेल्या आवृत्तीत स्टिरिओ (दोन वाहिन्यांचा आवाज) आणि आपोआप क्लाउडवर चढवण्याची सोय आहे; एकट्या माणसाच्या वाचनाला स्टिरिओचा काडीचा उपयोग नाही, क्लाउडची सोय मात्र कामाची. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कशासाठी रेकॉर्ड करताय ते आधी सांगता येतं: बोललेली टिपणं, बैठक आणि व्याख्यान, किंवा संगीत आणि कच्चा आवाज. वाचनासाठी शेवटचं निवडा. ऐकायला उलटं वाटेल, पण कारण पक्कं आहे.

आवाज "स्वच्छ" करणारी सोय सलग येणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबते. त्या दाबादाबीत वाक्याच्या शेवटी आपला आवाज खाली उतरतो तो भागही जातो. मराठीत क्रियापद शेवटी! "झाला" की "झाला नाही" हे तिथेच ठरतं. इतिहासाच्या पेपरात हा फरक म्हणजे सगळं उत्तर. डॉल्बी ऑन हे फुकटचं ॲप अशी सफाई आपोआप करतं, आवाज भरदार होतो. गाण्याचा रियाज किंवा भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी ते जरूर बघावं. पाठ्यपुस्तकासाठी मला कच्चा आवाजच हवा. सफाई लागलीच तर नंतर, कॉम्प्युटरवर, मूळ फाइल बाजूला ठेवून करता येते.

एएमआर नावाचा पर्यायही काही ॲपमध्ये दिसतो, फाइल अगदी चिमुकली. तो साध्या फोन कॉलसाठी बनलेला आहे, आवाज सेकंदाला ८,००० वेळाच मोजतो, त्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच शिल्लक राहत नाही. स आणि श यांचा फरक बराचसा त्याच वरच्या भागात असतो. मुलं दीडपट वेगानं ऐकतात, तेव्हा तर दोन्ही एक होऊन जातात. तो पर्याय घेऊच नका.

सॅमसंगचा फोन असेल तर त्यातला स्वतःचा व्हॉइस रेकॉर्डर कमी लेखू नका. रेकॉर्डिंग चालू असताना खूण करण्याचं बटण त्यात आहे आणि वाचणाऱ्याला त्याची फार मदत होते: चुकलात, खूण करा, वाक्य पहिल्यापासून वाचा, नंतर खुणेवर जाऊन कापा. मुलाखतीचा प्रकार वरचा आणि खालचा असे दोन्ही माइक वापरतो, तो समोरासमोर बसलेल्या दोघांसाठी. एकट्यानं साधाच प्रकार ठेवावा. रेकॉर्डिंग चालू असताना कॉल अडवण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे. वेव्ह नाही, ही माझी अडचण. ज्यांना वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून वाचायचंय त्यांना एवढ्यानं भागेल. आयफोनवाल्यांना व्हॉइस मेमोज पुरे. त्यात चुकलेल्या जागी जाऊन तेवढाच भाग नव्यानं बोलता येतो, आणि याचा मला मनापासून हेवा वाटतो. आमच्याकडे त्यावरचा जुना उपाय म्हणजे टाळी. चुकलं की एक टाळी वाजवायची. नंतर आवाजाच्या आलेखात ती सुळक्यासारखी दिसते आणि कापायची जागा लगेच सापडते.

आता मुलांची बाजू, आणि ती माझ्या मते जास्त महत्त्वाची. त्यांनाही रेकॉर्डर लागतो, वर्गातलं शिकवणं घ्यायला. डोळस माणसाला छान दिसणारं ॲप त्यांच्या उपयोगाचं असेलच असं नाही. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधली स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करून बोट फिरवलं की प्रत्येक बटणानं आपलं नाव सांगायला हवं. एका ॲपवर माझा एक विद्यार्थी अडून बसला होता: "काकू, याचं बटण बोलतच नाही." सुरू कुठलं, थांबवायचं कुठलं, सगळ्यावर एकच "अनलेबल्ड", म्हणजे नावच दिलेलं नाही. बनवणाऱ्यानं दोन शब्द लिहायचे कष्ट घेतले असते तर ते ॲप त्याला वापरता आलं असतं. रेटिंग कितीही असो, असं ॲप मी कुणाला सुचवत नाही. तुम्ही कुणासाठी ॲप निवडत असाल तर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा, आणि सुरू, थांबव, नाव दे, पाठव ही चार कामं करून बघा. आणखी एक: टॉकबॅकचं बोलणं माइकमध्ये शिरतं, म्हणून वर्गात एका कानात इअरफोन हवाच. आयफोनवर व्हॉइसओव्हर (तिथला टॉकबॅक) चालू असेल तर दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, बटण शोधावं लागत नाही. वर्गात सरांची परवानगी घेऊनच रेकॉर्ड करायचं, हे मी प्रत्येकाला सांगते.

परवानगीवरून आठवलं. रेकॉर्डरला माइक लागतो, फाइल ठेवायला जागा लागते. संपर्क यादी आणि लोकेशन कशाला? मागितलं की काढून टाका. या बाबतीत मला फॉसिफाय व्हॉइस रेकॉर्डर सगळ्यात सज्जन वाटतं. जाहिरात नाही, इंटरनेटची परवानगीच नाही, कोड सगळ्यांसाठी खुला. सिंपल मोबाइल टूल्स ही ॲपची मालिका २०२३ च्या शेवटी विकली गेली, तेव्हा तिच्याच खुल्या कोडवरून ही नवी मालिका उभी राहिली. एमफोरए, एमपीथ्री, ऑग असे प्रकार मिळतात. ज्यांना रोजची टिपणं, हिशेब, निरोप बोलून ठेवायचेत त्यांना मी बिनदिक्कत हेच सांगेन. जास्त खोलात जाणाऱ्यांना एएसआर नावाचं ॲप आहे, त्यात फ्लॅकसकट (आवाज न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) भरपूर प्रकार आणि आवाज वाढवण्या-कमी करण्याची सोय मिळते. पण सेटिंगची पानं बघून नवखा माणूस बिचकतो.

कुठलंही ॲप घ्या, खोली नीट नसेल तर सगळं फुकट. आमच्या भागात मागच्या गल्लीत यंत्रमाग, त्यांची खडखड भिंतीतून येते. माग बंद असतात ती वेळ हेरून वाचावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना पंखा बंद करून बसायचं, म्हणजे पहाटेशिवाय पर्याय नाही. खोली घुमू नये म्हणून मी दारावर आणि समोरच्या भिंतीवर सोलापुरी चादरी टांगते. जाड सुती विणीत आवाज मुरतो, रिकाम्या भिंतीवरून उलटून येत नाही. फोनखाली दुहेरी घडीचा टर्किश टॉवेल, म्हणजे टेबलाची धडधड माइकपर्यंत जात नाही. या दोन्ही वस्तू इथे घरोघरी आहेत, स्पंजचे महाग तुकडे मागवायची गरज नाही. माइक बहुधा चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो, कव्हरनं तो झाकला नाही ना ते बघा. तोंडापासून वीतभर अंतर आणि थोडा बाजूला धरा, म्हणजे प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका बसत नाही.

वाचन झालं की वेव्ह फाइल माझ्याकडे ठेवते आणि मुलांसाठी ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्री करते. तासाला २९ एमबी, स्वस्त फोनमध्येही मावतं. फाइलच्या नावात आधी विषय, मग प्रकरणाचा आकडा, मग पानं. टॉकबॅक ते वाचून दाखवतं तेव्हा मुलाला न उघडता कळतं की हे काय आहे. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाव तसंच राहतं. व्हॉइस नोट केली तर नाव जातं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तिसरं प्रकरण शोधायला त्याला एकेक नोट वाजवून बघत बसावं लागतं.