घाटावरच्या माणसावर ठेवलेला विश्वास

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, पंचगंगेच्या काठचे भोई. प्रदूषित पाण्याने मेलेले मासे नदीवर तरंगू लागले आणि जाळ्यावर पोट भरेनासे झाले, तेव्हा वडील आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर खलाशी म्हणून गेले. वर्षभरात आई आणि आम्ही दोघे भाऊही गेलो. नदीवर वाढलेल्या वडिलांना भरती-ओहोटी, वारा, जाळी टाकण्याची जागा हे सारे तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या मुख्य खलाशाच्या, हाताखाली नव्याने शिकावे लागले. आई पहाटेच्या लिलावातून बांगड्याची पाटी उचलून दारोदार विकू लागली. पंधरा वर्षे तिथे राहूनही आमची ओळख ‘घाटी’, म्हणजे घाटावरून आलेले परके, हीच होती, आणि आमची फसवणूक झाली ती नेमकी याच दुखऱ्या जागी.

खलाशाला वाट्यातून मिळालेला पैसा पावसाळी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, संपून जातो. मग मालकाकडून उचल घ्यायची आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात घालवायचा. या चक्रातून सुटण्यासाठी वडिलांना स्वतःची होडी हवी होती. अशाच एका जूनमध्ये बंदरावर दलाली करणारा, आमच्याच जिल्ह्यातला एक गृहस्थ घरी आला. “दादा, आपण घाटावरची माणसं. इथल्या कुणाच्या कानावर घालण्याआधी तुम्हाला सांगतोय,” असे म्हणून त्याने जोतिबाची शपथ घेतली. वडिलांनी त्याला त्या दिवशी जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही.

त्याने विकायला आहे म्हणून सांगितलेली होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली होती. झाप बाजूला सारून आम्ही लाकूड पाहिले, इंजिनाला हात लावला. पाण्यात चालवून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. नारळी पौर्णिमेनंतर भाव चढेल, म्हणून व्यवहार आताच उरकावा, असा त्याचा आग्रह होता. आईचे दागिने कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, गहाण पडले, काकांनी उसाचे बिल दिले, आणि ३ लाख ८० हजार रुपये आम्ही रोख मोजले. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी झाली. नोंदणी प्रमाणपत्राची त्याने फक्त झेरॉक्स दाखवली. तिच्यावर दुसऱ्याच माणसाचे नाव होते, पण “हंगाम सुरू झाला की नाव लावून देतो” या शब्दावर आम्ही विसंबलो. मी तेव्हा बारावी झालेलो होतो, कागद वाचता येत होता, तरी गप्प राहिलो. याचे दुःख मला आजही आहे.

ऑगस्टमध्ये मासेमारी परवान्यासाठी वडील मत्स्यव्यवसाय कार्यालयात गेले. तिथल्या कर्मचाऱ्याने होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक तपासून काही मिनिटांतच सांगितले की नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर असून होडीवर कर्जाचा बोजा आहे. मालकाने दलालाला केवळ गिऱ्हाईक शोधण्यास सांगितले होते. विक्री मालकाने केलीच नव्हती. तो आपली होडी घेऊन गेला आणि त्याला अडवण्याचा आम्हाला काहीच अधिकार नव्हता. दलालाचा फोन तोवर बंद झाला होता. पोलिसांत तक्रार अर्ज दिला आहे, त्यापुढे काही सरकलेले नाही.

कोल्हापुरातून आजही अनेक जण बंदरांवर कामाला जातात, म्हणून हे लिहीत आहे. होडी घेण्याआधी तिचा क्रमांक घेऊन कार्यालयात स्वतः जा. मालक समोर असल्याशिवाय, कर्ज फिटल्याचे पत्र हाती आल्याशिवाय आणि नोंदणी आपल्या नावावर चढल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आणि जी द्याल ती बँकेतूनच द्या. ओळखीचा, आपल्या बोलीचा माणूस असेल तर हे सारे मागायला संकोच वाटतो. आम्हालाही तोच संकोच वाटला होता.

होडी गेल्यानंतर शेजारची एक म्हातारी आईला म्हणाली, “होडी कुणाची ते आम्हाला ठाऊक होतं गं, पण तुमच्या माणसांच्या व्यवहारात आम्ही कसं बोलायचं?” आई तेव्हा काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीप्रमाणे लिलावाला गेली, आणि वडील पुन्हा दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून चढले.