टेस्ट: आधी ‘ऑन द बोर्ड्स’ घ्यावा की आयल ऑफ वाइटचा लाइव्ह?

आयर्लंडच्या कॉर्क शहरातून आलेल्या टेस्ट या ब्लूज-रॉक बँडचा एकच अल्बम घ्यायचा असेल, तर गाडी या दोघांपाशीच येऊन थांबते. ‘ऑन द बोर्ड्स’ १९७०च्या सुरुवातीचा, स्टुडिओतला. दुसरा त्याच वर्षी २८ ऑगस्टला इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावरच्या संगीत महोत्सवात मुद्रित झालेला. माणसं तीच: गिटार आणि गाण्याला रोरी गॅलाहर, बेसवर रिचर्ड मॅक्रॅकन, ड्रम्सवर जॉन विल्सन.

लाइव्हची ताकद वादातीत आहे. तिघांत तेव्हा बेबनाव होता, वर्षाअखेर बँड मोडलाही. पण त्या दिवशी त्यांनी जिवाच्या आकांतानं वाजवलं. एक जुना ब्लूज तर दहा मिनिटांवर रंगत जातो. रोरीचा तो गिटारचा आवाज म्हणजे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उठावदार करणारी छोटी पेटी) आणि व्हॉक्स कंपनीचा एसी-३० अँप्लिफायर, बस्स. पुढे क्वीन बँडचा गिटारवादक झालेल्या, तेव्हा कोवळ्या वयातल्या ब्रायन मेनं तो कसा काढतोस म्हणून रोरीलाच विचारलं आणि तीच जोडी स्वतः घेतली. हे ऐकायचं तर लाइव्हच.

तरी मला एक गोष्ट फार जाचली. मी ऐकतो रात्री जेवणं आटोपल्यावर, शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते. लाइव्हमध्ये गिटार एकदम कुजबुजीवर येते, म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणाला तिघं एकदम कोसळतात. आई दोनदा दचकून उठली. बटणावरचा हात काही निघेना. हेडफोन लावले, तर प्रत्येक गाण्यानंतर टाळ्यांचा लोंढा कानात. सूर मनात रेंगाळायला जागाच उरत नाही.

‘ऑन द बोर्ड्स’मध्ये ती जागा आहे. विल्सनचा झांजेवरचा हलका हात, मॅक्रॅकनचा गोलसर बेस, आणि मध्येच रोरीनं स्वतः वाजवलेला सॅक्सोफोन! ब्लूजवाल्या पोरांचा कान जॅझकडे किती वळला होता, ते इथे स्वच्छ कळतं. पुढच्या काळातला एकटा रोरी मला फार प्रिय आहे, पण असं तिघांनी एकमेकांना वाट करून देत वाजवणं मला तिथे क्वचितच सापडलं.

घर मोकळं असेल, मोठ्यानं ऐकता येत असेल, तर कदाचित तुमचा कौल लाइव्हला जाईल. त्यात चूक काहीच नाही. माझ्याकडे मात्र लाइव्ह कपाटात आहे आणि ‘ऑन द बोर्ड्स’ महिनोन् महिने टर्नटेबलच्या शेजारीच पडलेला असतो.