अरबस्तान ते सिंध : वर्गासाठी घेतलेल्या एका नकाशाविषयी

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेसाठी गेल्या जूनमध्ये औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून मी इस्लामचा उदय आणि सुरुवातीचा विस्तार दाखवणारा मराठी नकाशा आणला. साडेतीन फूट रुंदी, वरखाली लाकडी दांड्या, सोबत चाळीस पानांची पुस्तिका आणि किंमत ६५० रुपये. वर्षभर नववीच्या वर्गात तो वापरून झाल्यावर इतर इतिहास शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

या नकाशात सर्वांत मोलाचा आहे तो डाव्या कोपऱ्यातला, वहीच्या पानाएवढा छोटा नकाशा. त्यात इ. स. ६०० च्या सुमाराची स्थिती दाखवली आहे : पश्चिमेला बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य, पूर्वेला सासानी इराण आणि दोघांच्या दक्षिणेला अरबस्तान. ही दोन साम्राज्ये ६०२ पासून ६२८ पर्यंत एकमेकांशी झुंजत राहिली. ६१४ मध्ये इराण्यांनी जेरुसलेम घेतले, पुढे बायझंटाईन सम्राट हेराक्लियसने त्यांना मागे रेटले आणि युद्ध संपले तेव्हा दोघांचेही खजिने रिते झाले होते. त्याच काळात, ६२२ मध्ये, मुहंमद पैगंबर मक्केहून यस्रिबला म्हणजेच पुढच्या मदिनेला गेले, ६३० मध्ये मक्का त्यांच्या हाती आली आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत यर्मुकला (६३६) बायझंटाईन आणि नहावंदला (६४२) इराणी सैन्य अरबांकडून का हरले, हे मुलांना त्या छोट्या नकाशावरून बरेचसे आपोआप उमगते. सगळे यश नुसत्या तलवारीचे किंवा नुसत्या श्रद्धेचे म्हणून सांगितले, तर नववीच्या मुलांनाही ते अपुरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

पुस्तिकेतले कारभारावरचे प्रकरण मला विशेष आवडले. खलिफा म्हणजे पैगंबरांनंतरचे मुसलमानांचे प्रमुख; त्यांतल्या उमर यांनी (६३४ ते ६४४) जिंकलेल्या जमिनी सैनिकांत वाटून टाकल्या नाहीत. त्या कसणाऱ्यांकडेच ठेवून त्यांच्याकडून सारा घेतला, सैनिकांची नावे दिवाणात म्हणजे सरकारी नोंदवहीत नोंदवून त्यांना ठरावीक वेतन दिले आणि त्यांच्यासाठी बसरा, कूफा, फुस्तात अशी छावणीची शहरे वसवली. निजामी राजवटीचा कारभार पाहिलेल्या आमच्या भागात हे समजावणे सोपे जाते. दिवाण, महसूल, वसूल, हिशेब, तालुका, रयत हे अरबी-फारसीतून आलेले शब्द फळ्यावर लिहिले, की त्यांतले निम्मे तरी मुलांनी घरी ऐकलेले असतात.

त्याच प्रकरणात दोन नाण्यांची चित्रे शेजारी शेजारी दिली आहेत. पहिल्या दिरहमवर सासानी राजाचा मुकुटधारी चेहरा आणि मागे अग्निवेदी तशीच ठेवलेली असून फक्त कडेला अरबी अक्षरे कोरलेली आहेत. दुसरा दिनार ६९७ च्या सुमारासचा, खलिफा अब्दुल मलिकचा, आणि त्यावर चेहरा नाहीच, नुसती अक्षरे आहेत. जुना कारभार आधी तसाच चालवून मग हळूहळू त्याला स्वतःचे रूप कसे दिले गेले, हे या दोन नाण्यांइतके स्पष्टपणे कुठलाही परिच्छेद सांगू शकणार नाही. दिरहम हा शब्द मुळात ग्रीक 'द्रख्मा'वरून आला आणि आपला 'दाम'ही त्याच मुळाचा, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

मात्र नकाशातली एक चूक गंभीर आहे. ७५० पर्यंत खलिफांच्या ताब्यात आलेला स्पेनपासून सिंधपर्यंतचा सगळा मुलूख एकाच हिरव्या रंगात रंगवला आहे. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारले, "सर, एवढे सगळे लोक लगेच मुसलमान झाले का?" प्रश्न अगदी रास्त होता. राज्य पसरले काही दशकांत, पण इजिप्त आणि इराणमधले बहुसंख्य लोक मुसलमान व्हायला पुढची काही शतके जावी लागली. तोवर तिथले ख्रिस्ती, ज्यू आणि जरथुश्त्री लोक जिझिया हा बिगर-मुसलमानांवरचा कर भरून आपापला धर्म पाळत राहिले, आणि कराचे उत्पन्न घटेल म्हणून उमय्या या खलिफा घराण्याचे काही अधिकारी तर नव्या मुसलमानांकडूनही जिझिया घेत असत. राज्याची सीमा आणि धर्माचा प्रसार यांसाठी दोन वेगळ्या खुणा हव्याच होत्या.

दुसरी उणीव आपल्या भागाविषयीची आहे. हिरवा रंग सिंधपाशी थांबतो, पण का थांबतो हे पुस्तिकेत नाही. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात, दक्षिणापथात शिरू पाहणाऱ्या ताजिकांचा म्हणजे अरबांचा पराभव लाटच्या (दक्षिण गुजरातच्या) अवनिजनाश्रय पुलकेशी या चालुक्याने केल्याची नोंद आहे. खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये बगदाद वसवायला घेतले, त्याच सुमारास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण वेरूळचे कैलास लेणे कोरवून घेत होता. आणि याच राष्ट्रकूटांना पुढे अरब प्रवाशांनी 'बल्हारा' म्हणून मोठ्या राजांत गणले. मराठी नकाशात वेरूळचा ठिपका असता, तर आमच्या मुलांनी आधी तो शोधला असता.

छपाई ठळक आहे, शेवटच्या बाकावरूनही नावे वाचता येतात. खालची दांडी पावसाळ्यात सुटली, ती गावातल्या सुताराने बसवून दिली. या उणिवा धरूनही मी हा नकाशा घ्या असेच म्हणेन. आमच्या प्रतीवर इराण आणि इजिप्तच्या हिरव्या रंगावर मुलांनी पेन्सिलीने तिरप्या रेघा मारल्या आहेत आणि खाली 'राज्य आधी, धर्म नंतर' असे लिहिले आहे. ते मी पुसू दिलेले नाही.