स्वसंमोहनाची ध्वनिमुद्रणे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आतड्यांच्या जुन्या तक्रारीत सर्व तपासण्या निर्दोष आल्या, तेव्हा डॉक्टरांनीच औषधाच्या जोडीला स्वसंमोहन, म्हणजे स्वतःच स्वतःला संमोहनाच्या अवस्थेत नेणे, सुचवले. त्यानंतर आषाढापासून फाल्गुनापर्यंत मी तीन ध्वनिमुद्रणांचा एक संच वेंगुर्ल्याच्या घरी रोज रात्री ऐकला. या तक्रारीवर संमोहनाचा उपयोग होतो, हे मँचेस्टरचे डॉक्टर पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये तीस रुग्णांवरील चाचणीतून मांडले होते. तिन्ही मुद्रणांत पोटासाठीच्या सूचना त्याच आहेत. फरक आहे तो संमोहनात नेण्याच्या पद्धतीत.

पहिल्यात नजर एका बिंदूवर खिळवायची असते. ही स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४० च्या दशकात रूढ केलेली रीत. पडवीच्या वाशाला कंदील टांगण्यासाठी ठोकलेला गंजका खिळा मी त्यासाठी निवडला. मान न हलवता वर पाहत राहिल्याने डोळ्यांवर ताण येतो, पाणी येते आणि पापण्या जडावतात. नेमके त्याच वेळी आवाज म्हणतो, ‘पापण्या जड होत आहेत.’ जे आपोआप घडणारच होते, ते सूचनेमुळे घडल्यासारखे वाटते आणि पुढची सूचना मन अधिक सहज स्वीकारते. या विधीचे बळ मला त्या खिळ्यापेक्षा या जुळणीत दिसले.

दुसरे मुद्रण पायांपासून डोक्यापर्यंत अंग सैल सोडण्याचे, बावीस मिनिटांचे आहे. त्यात मी बहुतेक रात्री झोपी गेले, आणि झोप म्हणजे संमोहन नव्हे.

तिसऱ्यात संगमरवरी जिन्याच्या दहा पायऱ्या उतरायच्या होत्या. तो जिना माझ्या डोळ्यांपुढे कधीच उभा राहिला नाही. शेवटी मी मनातल्या मनात आमच्या विहिरीच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरू लागले. सातव्या पायरीवरचे शेवाळ, खालून येणारा गारवा, पाण्याचा वास हे सारे ओळखीचे असल्याने मन लगेच स्थिरावले. पोटावर ठेवलेला तळहात उबदार होत असल्याची सूचनाही तेव्हाच प्रथम लागू पडली.

मार्गशीर्षात पंधरा दिवस मी संमोहनात नेणारा पूर्वविधी गाळून थेट सूचनाच ऐकल्या. ऊब तरीही आली, मात्र उशिरा आणि फिकी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३३ च्या संमोहनावरील ग्रंथात असेच नोंदवले आहे, की जागेपणीही माणूस सूचनांना प्रतिसाद देतो आणि संमोहनाने त्यात पडणारी भर आपण समजतो त्याहून माफक असते. पुढे १९७६ मध्ये बान्याई आणि हिल्गार्ड या मानसशास्त्रज्ञांनी, व्यायामाच्या सायकलीवर पेडल मारत, डोळे उघडे ठेवून, तरतरीच्या सूचना देऊनही संमोहन साधते हे दाखवले. शैथिल्य सोयीचे असेल, पण ते अनिवार्य नाही.

गोव्यात कांदोळीत जन्मलेले संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांचा पणजीतला पुतळा मी लहानपणापासून पाहत आले आहे. बाईवर हात पसरलेला तो माणूस तिच्यावर काहीतरी सोडतो आहे, असे तेव्हा वाटे. प्रत्यक्षात, त्या काळी समजत तसा संमोहकाकडून कोणताही अदृश्य द्रव वाहत नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनातून घडते, असे ते पॅरिसमध्ये दोनशे वर्षांपूर्वी सांगत होते. माझ्या अनुभवाने मला ते आता पटले आहे.

संचातील दोष असा की शेवटी पुरेसे भानावर आणले जात नाही. मी दोनदा चूल पेटती ठेवून डुलकी घेतली, त्यामुळे स्वयंपाक आवरल्याशिवाय ऐकू नये. पोटदुखीचे दिवस आठवड्यात चारांवरून एकावर आले आहेत, औषधही चालू आहे. सध्या मी मिनिटभर खिळ्याकडे पाहते, मग विहिरीत उतरते.