मनी प्लांट: बाटलीत की कुंडीत?

मनी प्लांट लावायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न येतोच, पाण्यात ठेवू की मातीत. आमच्याकडे दोन्ही आहेत म्हणून लिहितोय. फांदी कापायची कशी ते माहीत असेलच, फक्त पेर (पान जिथून फुटतं ती गाठ) सोबत यायला हवं, नुसतं पान ठेवलं तर हिरवं राहील पण त्यातून वेल निघत नाही.

मुळं फुटताना बघायची असतील तर बाटलीला तोड नाही. पेरापाशी तो तपकिरी उंचवटा असतो ना, त्यातूनच पांढरं मूळ बाहेर येतं, पोरं रोज जाऊन बघतात. मातीचा पसारा नाही. पण पानं लहानच राहतात, माझा तरी अनुभव तसा आहे, आणि मातीतली वेल मॉस स्टिकवर (शेवाळ किंवा काथ्या गुंडाळलेल्या काठीवर) चढवली की पानं तळहाताहून मोठी व्हायला लागतात.

मला खरा वैताग आला तो डासांचा. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासणीला आली की मनी प्लांटच्या बाटल्या बघतात ते उगीच नाही. आणि नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या कडेला काचेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणजे दर आठवड्याला बाटली आतून घासणं आलं. निमुळत्या गळ्यात हात जात नाही, ब्रश घातला की मुळं तुटतात, त्यात शेवाळ. गणपतीत सगळे गावाला गेले की घासणार कोण? तोंडाला कापूस लावता येतो, मान्य, पण फांदीभोवती कुठेतरी फट राहतेच.

कुंडीत पाणी जास्त झालं तर मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, पण वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी घातलं तर सहसा त्रास होत नाही. खालच्या बशीत मात्र पाणी साठू देऊ नका, तिथेही डास होतात.

ऑफिसच्या टेबलावर एकच फांदी हवी असेल आणि बाटली रुंद तोंडाची असेल तर पाण्यात खुशाल ठेवा. घरासाठी मी तरी म्हणेन, पावसाळ्यात फांदी पाण्यात घाला, मुळं दोन-तीन इंच झाली की सरळ कुंडीत लावा. फार लांबू दिली तर मातीत रुळायला वेळ लागतो, आणि पहिला आठवडाभर माती जरा ओलसरच ठेवा.