तालुका कोर्टातली मोफत वकिलाची सोय: मुलाच्या पोटगीसाठी घेतलेला अनुभव

गोव्यातल्या आमच्या तालुक्याच्या कोर्टात मोफत कायदा सहाय्याची खोली आहे. मी तिथे पोचले ती दीड वर्ष उशिरा. हे लिहायचं कारण तेच. तालुक्याचं नाव घालत नाही, मुलगा इथल्याच शाळेत चौथीत शिकतो.

शाळांना माध्यान्ह आहाराची पावभाजी करून देणाऱ्या बचतगटात मी काम करते. नवऱ्याचे दोन टिपर खनिजाच्या वाहतुकीवर आहेत. वेगळं राहायला लागल्यावर मुलाच्या खर्चाचं विचारलं की एकच उत्तर यायचं, "खणी बंद आसात, पयशे खंयचे हाडूं?" (खाणी बंद आहेत, पैसे कुठून आणू?) आधी मी एका खाजगी वकिलाकडे गेले. त्यांनी १५ हजार घेतले आणि सांगितलं की घटस्फोट होऊ दे, गोव्याच्या कायद्याने अर्धं सगळं तुझंच आहे. अर्धं माझं, हे खोटं नव्हतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आपला कायदा आहे. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि आम्ही तसा करार केलेला नव्हता. पण दीड वर्षात फक्त तारखा पडल्या. मुलाचे बूट, ट्यूशन, दम्याचं औषध माझ्या आईच्या पेन्शनीतून चाललं.

बचतगटातल्या एका ताईने मोफत कायदा मदतीचा १५१०० हा नंबर दिला. फोनवरच्या बाईंनी तालुक्याच्या खोलीत जायला सांगितलं. तिथे मला उत्पन्नाचा दाखला लागेल असं वाटलं होतं. लागला नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आधार कार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि एक अर्ज. दहा दिवसांत पॅनेलवरच्या, म्हणजे मोफत सहाय्याच्या यादीतल्या, वकीलबाई ठरल्या.

त्यांनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं ते दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. घर आणि टिपर यांची वाटणी घटस्फोटानंतर इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायच्या कोर्टाच्या कामात होईल, तिला वर्षं लागोत. मुलाच्या जेवणाने तिची वाट बघायची नसते. पोटगीचा अर्ज वेगळा, मॅजिस्ट्रेटसमोर, आणि आपण राहतो तिथल्याच कोर्टात करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. माझ्या मामांना अजून वाटत होतं की कोर्ट ५०० रुपयांच्या वर देत नाही. ती मर्यादा २००१ मध्येच गेली.

मग त्यांनी मला एक वही घालायला लावली. मुलाचा महिन्याचा खर्च, बिलासकट. दूध, बालरथ (शाळेची बस) सुटला त्या दिवशीचं बसभाडं, इन्हेलर, गणवेश. मला हे क्षुल्लक वाटत होतं, रागाच्या गोष्टीच सांगाव्या असं वाटत होतं. त्यांनी त्या शांतपणे ऐकल्या आणि पुन्हा वहीवर आणलं. कोर्टात वही चालली.

खरं काम केलं ते प्रतिज्ञापत्राने. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यायची असतात. मीही माझी दिली, सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपयेसुद्धा लिहिले. नवऱ्याने मिळकत जवळजवळ शून्य दाखवली आणि त्याच कागदात दोन टिपरांचे बँकेचे हप्तेही लिहिले. वकीलबाईंनी एवढंच विचारलं, मिळकत नाही तर हप्ते कशातून जातात? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी मुलाच्या बाजूने उभं आहे.

अंतरिम आदेश झाला: मुलासाठी महिना ८ हजार, अर्ज केल्याच्या तारखेपासून. मागच्या महिन्यांची रक्कमही त्यात आली.

आता न आवडलेलं. अंतरिम अर्ज नोटीस पोचल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा सांगतो, आमचा पाच महिने चालला. वकीलबाईंकडे इतक्या केसी होत्या की एकदा तारखेला दुसऱ्याच वकिलांना पाठवलं, त्यांना फाईल माहीत नव्हती आणि दिवस फुकट गेला. त्या खोलीत मुलाला बसवायला एक बाकसुद्धा नाही. मुलं घेऊन येणाऱ्या बाया बाहेर पायऱ्यांवर बसतात, पावसाळ्यात तर फार हाल. हे कुणीतरी बघावं.

पैसा मात्र कुणी मागितला नाही, टायपिंगचासुद्धा नाही. पॅनेलवरच्या वकिलांनी तो घ्यायचाही नसतो. कुणी मागितला तर सरळ तक्रार करा.

आणखी एक गोष्ट, जी मला ऐकायला जड गेली. नवऱ्याने दोन महिने पैसे थांबवले तेव्हा मी मुलाला रविवारी पाठवायचं बंद केलं. वकीलबाईंनी मला स्पष्ट थांबवलं. पैसे आणि भेट यांचा सौदा करायचा नाही. त्याने पैसे अडवले तर वसुलीचा अर्ज करायचा, आणि तो रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत, नाहीतर तेवढी थकबाकी हातची जाते. मी अर्ज केला, वॉरंटचा विषय निघाला आणि पैसे आले. रविवारी मुलगा बाबांकडे जातो, संध्याकाळी पेडे घेऊन येतो.

पुढची तारीख जूनमध्ये आहे. मुलगा पाचवीत जाईल, शाळा लांबची. वकीलबाईंनी नवी वही घालायला सांगितली आहे.