कोणते ओठ निवडाल? चीनची मदत: कोरिया की व्हिएतनाम

‘युद्धात सापडलेल्या शेजारी मित्राला चीनने केलेली मदत’ असा विषय एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी घेतलात, की पहिल्याच आठवड्यात फाटा लागतो. कोरिया घ्यायचा की व्हिएतनाम? दोन्हीकडे कम्युनिस्ट चीन, समोर अमेरिका आणि मधोमध चिरलेला देश. बीजिंगने दोघांसाठी उपमाही एकच वापरली: ओठ आणि दात. ओठ गेले की दात गारठतात, म्हणून शेजारी जपायचा. (मराठीत दात-ओठ एकत्र आले की ते खाल्ले जातात. व्हिएतनामच्या बाबतीत अखेर आपलाच वाक्प्रचार खरा ठरला.)

सारखेपणा जवळपास इथेच संपतो. कोरियात प्रश्न होता, जायचं की नाही. व्हिएतनाममध्ये प्रश्न होता, किती जायचं, कुठवर जायचं आणि दुसऱ्या कुणाशी भांडण झालं तर काय करायचं.

नाट्य हवं असेल तर कोरिया. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाच्या किम इल सुंगने दक्षिणेवर चढाई केली, १५ सप्टेंबरला अमेरिकी फौजा इंचॉनला उतरल्या आणि डाव उलटला. १ ऑक्टोबरला किमने माओकडे सैन्य मागितलं, १९ ऑक्टोबरला चिनी ‘स्वयंसेवक’ (नावालाच; होते सैनिकच) सरहद्दीवरची यालू नदी ओलांडत होते. खरा विषय या दोन तारखांच्या मध्ये आहे. २ ऑक्टोबरच्या माओच्या स्टालिनला लिहिलेल्या संदेशाची दोन रूपं सापडतात: चीनने छापलेल्या तारेत ‘सैन्य पाठवतो’, तर रशियन दप्तरातल्या संदेशात ‘तूर्त नको’. त्याच मध्यरात्री चीनचा पंतप्रधान चौ एन लायने भारताचे राजदूत पणिक्कर यांना बोलावून बजावलं, की अमेरिकी सैन्य दोन कोरियांमधल्या ३८ व्या अक्षांशापलीकडे आलं तर चीन मध्ये पडेल. वॉशिंग्टनने तो निरोप मनावर घेतला नाही. मग चौ काळ्या समुद्राकाठी स्टालिनला भेटला, तेव्हा रशियन विमानांचं छत्र इतक्यात मिळणार नाही असं कळलं. १२ तारखेला माओने कूच रोखलं, १३ ला पुन्हा जायचं ठरवलं.

एवढ्यावर एक नेटका प्रबंध उभा राहतो. पण यालू ओलांडल्यावर मदतीतली चलबिचल बरीचशी संपते. चिनी सेनापती पेंग देह्वाईच्या हाती युद्धाची सूत्रं जातात, किम मागे सरकतो आणि २७ जुलै १९५३ च्या युद्धबंदीपर्यंत चीन पाय रोवून उभा राहतो. चीनच्या सरकारी मोजणीनुसार त्याचे १,९७,६५३ जण मेले. माओचा मुलगा माओ आनयिंग त्यांतलाच. उत्तर कोरियाशी केलेला १९६१ चा मैत्री करार आजही लागू आहे. युद्धबंदीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांना सांभाळायला भारताची जी फौज गेली, तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते. चौदा हजारांहून जास्त चिनी कैद्यांनी पुढे तैवान गाठलं. मोह होईल, पण तो वेगळा प्रबंध आहे.

व्हिएतनाममध्ये मात्र दर दोन-तीन वर्षांनी पान उलटतं. जानेवारी १९५० मध्ये हो चि मिन्हच्या सरकारला मान्यता देणारा पहिला देश चीन, रशियाच्याही आधी. त्याच्या तोफा आणि सल्लागारांच्या बळावर १९५४ ला फ्रेंचांचा दिएन बिएन फूचा तळ पडला. आणि लगेच जिनिव्हाच्या शांतता परिषदेत याच चीनने १७ व्या अक्षांशावरची फाळणी व्हिएतनामींच्या गळी उतरवली. चौने त्यासाठी हो चि मिन्हला लिऊचौ इथे गाठून समजावलं. कोरियाची जखम ताजी होती आणि पुन्हा अमेरिकेशी भिडायची चीनची तयारी नव्हती.

१९६५ मध्ये अमेरिकी फौजा व्हिएतनाममध्ये उतरल्या आणि चित्र पालटलं. एप्रिलमध्ये व्हिएतनामी कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख ले दुआनने बीजिंगला जाऊन सैनिक आणि वैमानिक मागितले. वैमानिकांचं जुलैमध्ये ‘अजून वेळ आलेली नाही’ म्हणून राहिलं. पण विमानवेधी तुकड्या, रेल्वे दुरुस्त करणारे, रस्ते बांधणारे असे एकूण सुमारे ३,२०,००० लोक पुढच्या काही वर्षांत गेले. १९६७ मध्ये एका वेळी १,७०,००० होते. सगळे उत्तरेतच. चिन्यांनी पूल सांभाळायचे, म्हणजे व्हिएतनामी पोरं दक्षिणेत लढायला मोकळी. अकराशेवर चिनी मेले. कोरियाच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला की ‘मदत’ या एकाच शब्दाखाली किती वेगळ्या गोष्टी दडतात ते दिसतं. सूत्रंही हनोईने, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारने, कधी सोडली नाहीत.

त्यात रशिया. हनोईने मॉस्कोची क्षेपणास्त्रं घेतली, तसा बीजिंगचा चेहरा पडत गेला. रशियन माल चीनमधून रेल्वेने जायचा, पण हवाई मार्ग द्यायला माओने नकार दिला. १९६८ ला हनोई पॅरिसमध्ये अमेरिकेशी बोलायला बसली तेही चीनला रुचलं नाही. मार्च १९६९ मध्ये चिनी आणि रशियन सैन्य सरहद्दीवरच्या उसुरी नदीवर एकमेकांवर गोळ्या झाडत होतं आणि जुलै १९७० पर्यंत चिनी तुकड्या घरी परतल्या होत्या. चीनने हनोईला दिलेल्या बंदुकांचा आलेख काढून पाहा: १९६८ मध्ये सुमारे २ लाख २० हजार, १९७० मध्ये जेमतेम लाखभर, १९७३ मध्ये पुन्हा सव्वादोन लाखांच्या वर.

ही शेवटची उडी मला सगळ्यात जास्त रंजक वाटते. जुलै १९७१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार किसिंजर गुपचूप बीजिंगला आला, फेब्रुवारी १९७२ मध्ये स्वतः राष्ट्राध्यक्ष निक्सन. चौ लगबगीने हनोईला जाऊन समजूत काढत होता आणि पाठोपाठ मालाचा ओघ वाढत होता. शत्रूशी हातमिळवणी केल्याची भरपाई मित्राला बंदुकांत दिली, असं माझं वाचन. हनोईने माल घेतला, राग ठेवला.

म्हणून एकच सत्र हाताशी असेल आणि कागदपत्रांची उलटतपासणी आवडत असेल तर कोरिया घ्या. शीर्षकात ‘बदलता’ हा शब्द हवा असेल तर व्हिएतनामला पर्याय नाही. फक्त पहिलं प्रकरण कोरियावर लिहा. अमेरिकेने १७ वा अक्षांश ओलांडून पायदळ उत्तरेत घातलं नाही, त्यामागे यालूची आठवण मोठी होती. या वेळी चीनचा इशारा ब्रिटिशांमार्फत पोचला आणि ऐकला गेला.

मार्गदर्शकांशी वाद होईल तो शेवटच्या वर्षावरून. १९७५ ला थांबलात तर चीन मित्र ठरतो. १९७९ ला थांबलात तर तोच चीन १७ फेब्रुवारीला व्हिएतनामवर सैन्य घालतो (परराष्ट्रमंत्री वाजपेयी तेव्हा चीनमध्येच होते, दौरा अर्धवट टाकून परतले). हनोईने त्याच वर्षी काढलेली श्वेतपत्रिका जिनिव्हापासूनचा सगळा हिशेब दगाबाजीच्या खात्यावर मांडते. ती रागाच्या भरातली आहे, हे धरूनच वाचा. मी जुलै १९७८ धरेन: चीनने उरलीसुरली मदत अधिकृतपणे बंद केली तो महिना.